घड्याळापुरती रात्र

प्रश्न : ताई, जानेवारीत उत्तर ध्रुवाजवळ बोटीवरून तुम्ही रात्री प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, गोळा केलेत, असं मागच्या अंकात वाचलं. तिथे हिवाळाभर सूर्यच उगवत नाही म्हणे. मग रात्र कुठली, दिवस कुठला? आणि बोटीवरचे दिवे का मालवायचे? आमच्याकडे तर दिवा बघून मासळी येते.
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : घड्याळापुरतीच रात्र म्हणा. आम्ही होतो नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या काँग्सफ्योर्ड खाडीत, जवळजवळ ७९ अंश उत्तरेला. (आपलं, भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र याच खाडीकाठी २००८पासून आहे, त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोहून चालतो.) ऑक्टोबरच्या शेवटी मावळलेला सूर्य तिथे फेब्रुवारीच्या मध्यानंतर दिसतो. जानेवारीत भर दुपारी दक्षिणेकडची आभाळाची कड तेवढी निळसर होते, बस्स.

मग रात्रीचा हट्ट कशाला? जगभरच्या समुद्रांत असंख्य प्राणिप्लवक दिवसा खोल अंधारात दडतात आणि दिवेलागणीनंतर चरायला वर येतात, कारण उजेडात मासे त्यांना टिपून खातात. दुसऱ्या महायुद्धात सोनारवर, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीने पाण्यातलं टिपणाऱ्या यंत्रावर, समुद्राचा एक खोटाच तळ दिसायचा आणि रात्री तो वर सरकायचा. तो म्हणजे हेच जीव आणि त्यांच्यामागून येणारे छोटे मासे. ध्रुवीय रात्रीत ही ये-जा थांबत असेल, असं पूर्वी वाटायचं. थांबत नाही! आपल्याला जो मिट्ट काळोख, त्यातलं कमी-जास्त त्यांना कळतं. चंद्र असला की ही ये-जा चंद्राच्या वेळेने, २४.८ तासांच्या फेऱ्याने चालते. पौर्णिमेच्या सुमारास तर हे जीव पृष्ठभाग सोडून ५० मीटरपर्यंत उतरतात. हे २०१६मध्ये प्रसिद्ध झालं.

चंद्राने एवढं होतं, तर डेकवरच्या दिव्यांनी काय होत असेल? २०२०मध्ये तेही मोजून झालं. बोटीच्या नेहमीच्या दिव्यांनी २०० मीटर खोलवरचे मासे आणि प्लवक काही सेकंदांत बिथरतात. तुम्ही म्हणता तशी दिव्याला मासळी येते, हे खरंच. पण कुणी येतं, कुणी पळतं, आणि मोजणाऱ्याचं दोन्हीकडून नुकसान. दिवे लावून घेतलेल्या आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

माझ्याच हातून हे एकदा घडलं. दोराची गाठ सुटेना म्हणून मी डेकचा मोठा दिवा लावला. आत इको-साउंडरपाशी (हेही सोनारसारखंच यंत्र, प्लवकांचा थर त्यावर पट्ट्यासारखा दिसतो) बसलेली मैत्रीण ओरडली, “अगं, पट्टा खाली चाललाय!” तो नमुना मी टाकून दिला. फार वाईट वाटलं.

आमचं जाळं तुमच्या डोल जाळ्यासारखंच निमुळतं, पण तोंड जेमतेम ५७ सेंटिमीटर आणि छिद्रं ०.२ मिलिमीटरची. ३०० मीटर सोडायचं आणि विंचवर, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावर, सेकंदाला अर्धा मीटर या गतीने सरळ वर घ्यायचं. दहा मिनिटं लागतात. वर आलं की बाहेरून समुद्राच्याच पाण्याने भराभर धुवायचं, नाहीतर कापड गोठून पत्र्यासारखं ताठ होतं. धुताना, काळोखात, जाळ्याच्या आतून निळ्या ठिणग्या ओघळत डब्यात जातात. तो मेट्रिडिया लाँगा, ज्वारीच्या दाण्याएवढा कोपेपॉड, म्हणजे कोळंबीचा चिमुकला दूरचा नातलग. धक्का लागला की चमकणारं द्रव्य सोडतो. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा पाण्याचा पाइप हातातच राहिला आणि मी नुसती बघत बसले. त्याच डब्यात कॅलॅनस हा दुसरा कोपेपॉडही असतो: काचेसारखा अंगाने, पोटात तेलाची लांबट पिशवी. हिवाळ्याची शिदोरी ती.

मग नमुना टिकावा म्हणून बरणीत फॉर्मालिन, आणि मंद लाल दिव्यात पेन्सिलीने चिठ्ठी. लाल उजेड या जिवांना फारसा दिसत नाही. चिठ्ठीवर जागा, वेळ, खोली, चंद्र वर होता की नाही, आणि त्या फेरीपासून मी न चुकता घालते ती शेवटची ओळ : दिवे बंद.