पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन अयशस्वी

प्रश्न : आमच्या संस्थेकडे येणाऱ्या चौकशीच्या मेल आपोआप डेटाबेसमध्ये नोंदल्या जाव्यात, यासाठी मी पीएचपी या संगणकभाषेत स्क्रिप्ट लिहिली असून ती दर दहा मिनिटांनी चालते. आमच्या स्वतःच्या डोमेनवरील खात्याशी ती व्यवस्थित जोडली जाते. जीमेलच्या खात्याशी मात्र, ब्राउझरमध्ये चालणारा तोच पासवर्ड देऊनही, ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ असा संदेश येतो. जोडणीच्या ओळीत ‘नोव्हॅलिडेट-सर्ट’ घालण्याचा सल्ला एकाने दिला. त्याने काही फरक पडला नाही. शिवाय डोमेनच्या खात्यात नवीन मेल आलेली नसतानाही शेवटची मेल पुन्हा पुन्हा नोंदली जाते. चूक कुठे असावी?

उत्तर : जीमेलबाबत आपल्या कोडमध्ये चूक दिसत नाही. सर्व्हरपर्यंत पोहोचणे आणि आपली ओळख पटवणे हे दोन वेगळे टप्पे आहेत. पत्ता किंवा पोर्ट (सर्व्हरवरील प्रवेशाचा क्रमांक) चुकला असता, तर स्क्रिप्ट बराच वेळ ताटकळली असती किंवा जोडणी नाकारल्याचा संदेश आला असता. आपल्याला ऑथेंटिकेशनचा संदेश येतो, याचाच अर्थ आपण आयमॅपच्या, म्हणजे सर्व्हरवरील मेल वाचण्याच्या पद्धतीच्या, ९९३ क्रमांकाच्या पोर्टवरून दारापर्यंत पोहोचला आहात आणि अडवणूक दारातच होत आहे.

या अडवणुकीचे कारण असे की, बाहेरच्या प्रोग्रामने खात्याचा नेहमीचा पासवर्ड पाठवून आत शिरण्याची सोय गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी २०२२ च्या मे अखेरीपासून बंद केली. मायक्रोसॉफ्टनेही त्याच वर्षी ऑक्टोबरपासून एक्स्चेंज ऑनलाइन या आपल्या मेलसेवेच्या बाबतीत हेच धोरण अवलंबले. एकाच खात्यासाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्या खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून सोळा अक्षरी ॲप पासवर्ड (बाहेरच्या प्रोग्रामसाठीचा वेगळा पासवर्ड) तयार करणे आणि स्क्रिप्टमध्ये नेहमीच्या पासवर्डऐवजी तो देणे. हा पासवर्ड कोडमध्ये न लिहिता वेबच्या फोल्डरबाहेरील कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ठेवावा, कारण ज्याच्या हाती तो लागेल त्याला सगळी टपाल वाचता येईल.

अनेक लोकांची खाती जोडायची असतील, तर ओऑथ २ ही पासवर्ड न देता परवानगी मिळवण्याची पद्धत हाच योग्य मार्ग आहे. त्यात पासवर्डऐवजी थोड्या काळापुरते चालणारे टोकन वापरले जाते. मात्र पीएचपीच्या जुन्या ‘आयमॅप_ओपन’ फंक्शनला हे टोकन देता येत नाही. हे फंक्शन पुरवणारे आयमॅप एक्स्टेन्शन (पीएचपीची जोड-सुविधा) ज्या सी भाषेतील लायब्ररीवर उभे आहे, तिचा विकास कित्येक वर्षांपूर्वीच थांबला असून पीएचपी ८.४ पासून ते मूळ वितरणातूनही काढण्यात आले आहे. त्यामुळे नवे काम आजच संपूर्णपणे पीएचपीत लिहिलेल्या आयमॅप लायब्ररीवर सुरू करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

‘नोव्हॅलिडेट-सर्ट’ मात्र लगेच काढून टाकावे. त्यामुळे सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासलेच जात नाही, म्हणजे मध्येच दुसरे कोणी सर्व्हर असल्याचे भासवत असेल, तर आपली स्क्रिप्ट पासवर्ड निमूटपणे त्याच्या हवाली करील. लॉगिनच्या अडचणीशी त्याचा संबंधच नव्हता, म्हणून फरकही पडला नाही.

आता पुन्हा पुन्हा नोंदल्या जाणाऱ्या मेलविषयी. आपण शेवटच्या मेलचा यूआयडी, म्हणजे पेटीत तिला मिळालेला क्रमांक, जपून ठेवत असाल आणि पुढच्या वेळी ‘त्यापुढील क्रमांकापासून तारांकनापर्यंत’ अशी मागणी करत असाल, असा माझा तर्क आहे. येथे तारांकन (*) म्हणजे पेटीतील शेवटची मेल आणि आयमॅपच्या नियमानुसार अशा मागणीत ती नेहमीच समाविष्ट होते, मग तिचा क्रमांक आपण मागितलेल्या क्रमांकाहून लहान का असेना. समजा, शेवटचा यूआयडी ५५८ आहे आणि आपण ५५९ पासून पुढचे मागितले, तरी नवीन काही नसल्यास ५५८ हीच मेल हाती येते. म्हणून आलेला यूआयडी जपलेल्या क्रमांकाहून मोठा आहे का, हे तपासूनच नोंद करावी. त्याबरोबर पेटीची यूआयडी-व्हॅलिडिटीही (हे क्रमांक अजून ग्राह्य आहेत का, हे ज्यावरून कळते तो आकडा) साठवावी, कारण ती बदलली की जुने सगळे क्रमांक निरर्थक ठरतात.

‘न वाचलेल्या मेल’ शोधण्याची सोपी वाट मात्र धरू नये. कार्यालयातील कोणी फोनवर एखादी मेल उघडली की ती वाचलेली ठरते आणि स्क्रिप्टच्या नजरेतून सुटते. ती चौकशी मग डेटाबेसमध्ये येतच नाही.