वाचक विचारतात: खेळाच्या तासाला काय टिपू?

प्रश्न : बाई, मी डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक पदविकेच्या) पहिल्या वर्षाला आहे. आंतरवासितेत, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावात, चौथीच्या खेळाच्या तासाचं निरीक्षण लिहायचं आहे. ‘मुले आनंदाने खेळली’ यापुढे काही सुचत नाही. काय बघू?

– एक छात्राध्यापिका, सातारा

उत्तर : अगं, हे वाक्य माझ्याही वहीत होतं! आमच्या मॅडमनी त्याखाली लाल शाईत लिहिलं, ‘कोणती मुले?’

उद्या सगळ्या वर्गाकडे बघू नकोस. एकच मूल निवड, शक्यतो कडेला उभं असलेलं, आणि घड्याळ लावून बघ. पस्तीस मिनिटांच्या तासात ते प्रत्यक्ष किती हललं? मी असंच एका मुलीकडे बघत बसले होते. हजेरी, रांगा, पाणी, भांडण, सगळं धरून ती पळाली चार मिनिटं. खो-खो चालू होता. आठ बसलेले, एक पाठलाग करणारा आणि तीन पळणारे, म्हणजे मैदानात बारा जण. वर्ग चाळीसचा. उरलेले अठ्ठावीस माती उकरत होते. (त्यांचा तोच खेळ जास्त रंगला होता म्हणा.)

बाद झालेली मुलं कुठे जातात तेही बघ. लंगडीत कच्चं मूल आधी बाद होतं, म्हणजे ज्याला सराव हवा तेच बसून राहतं. गुरुजींनी फक्कीने दुसरं छोटं मैदान आखून त्यांना तिथे घेतलं, तर वेळेसकट लिही.

आणि चपला घालून जाऊ नकोस. तुलाही खेळायला ओढतील.