कॉन्ग: कोरड्या कालव्याचं गाव

ताई, तुम्ही विचारलंत की मिस्टरांना आयर्लंडमध्ये कॉन्गजवळच्या हॉटेलात शेफची नोकरी मिळतेय, मुलगी सात वर्षांची आहे, तर गावातच राहावं की गॉलवे शहरात घर घेऊन त्यांनी ये-जा करावी? मी नऊ वर्षं याच भागात राहतोय. माझं मत विचाराल तर गावात राहा. फक्त गावाशेजारच्या अ‍ॅशफर्डच्या किल्ल्याचे फोटो पाहून गावाचा अंदाज बांधू नका.

वस्ती जेमतेम दीडशे-दोनशे. मास्क आणि कॉरिब या दोन मोठ्या तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर, मेयो आणि गॉलवे काउंटींच्या शिवेवर गाव वसलंय. आलात की पहिल्याच रविवारी कोरडा कालवा बघायला जा. १८४८ साली, बटाट्याच्या दुष्काळात, ही दोन तळी बोटींसाठी जोडायला तो खणायला घेतला. आपल्याकडच्या दुष्काळी कामांसारखंच, उपाशी माणसांच्या हातून. पण खडक चुनखडीचा, पाणी धरेना, आणि १८५४ मध्ये काम सोडून दिलं. घडीव दगडांचे बांध अजून उभे आहेत, उन्हाळ्यात तळाशी नुसतं गवत. १८४१ मध्ये मेयोत सुमारे ३ लाख ८९ हजार माणसं होती, आज १ लाख ३८ हजारांच्या आसपास आहेत. म्हणून इथल्या प्रत्येक घरातलं कुणीतरी बोस्टनला किंवा इंग्लंडला गेलेलं असतं, आणि 'घरची आठवण येते का?' हे ते मनापासून विचारतात. मला पहिल्या आठवड्यात तीन जणांनी विचारलं होतं.

गाडीनं दहा मिनिटांवर लॉख मास्क हाउस आहे. कॅप्टन बॉयकॉट तिथे राहायचा, लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. १८८० मध्ये कुळांनी खंड कमी करून मागितला, त्यानं घरं रिकामी करण्याच्या नोटिसा काढल्या. मग गड्यांनी काम सोडलं, दुकानदारांनी माल देणं बंद केलं. पीक काढायला उत्तरेकडून पन्नास माणसं आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर शिपाई. टिळकांच्या चतुःसूत्रीतल्या 'बहिष्कारा'साठी इंग्रजीत जो शब्द वापरतात, तो या माणसाच्या आडनावावरून आला. हे कळल्यावर मी त्या रस्त्यानं पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडी थांबवून बराच वेळ उभा होतो. जमीन, बांध, कुणाचं शेत कुणी घेतलं, हे विषय इथे अजून नाजूक आहेत. ऐकून घ्या, मत देऊ नका.

१९५१ च्या उन्हाळ्यात जॉन वेनचा 'द क्वाएट मॅन' हा हॉलिवूडचा सिनेमा इथे चित्रित झाला, त्याच्यासाठी आजही पर्यटक येतात. मेयोनं गेलिक फुटबॉलचं (हा हातापायांनी खेळायचा आयरिश खेळ) अखिल आयर्लंड विजेतेपद शेवटचं जिंकलं तेही १९५१ मध्येच. मुलीला या खेळाच्या क्लबात घाला, ओळखी तिथेच होतात.

आता अडचणी. डिसेंबरात साडेचारच्या आत अंधार, रेल्वे नाही, बसेस मोजक्या. पहिला हिवाळा मी गाडीशिवाय काढला, तसं करू नका. भारतीय लायसन्स इथे बदलून मिळत नाही. लेखी परीक्षेपासून सुरुवात करावी लागते, म्हणून आल्याआल्या अर्ज करा.

शाळांचं म्हणाल तर बहुतेक प्राथमिक शाळा कॅथलिक व्यवस्थापनाच्या. तुमची मुलगी नेमकी दुसरीत येईल, आणि त्या वर्षी वर्गातल्या मुलांचं फर्स्ट कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र प्रसाद घेण्याचा समारंभ, असतं. धर्मशिक्षण नको असेल तर मुख्याध्यापकांना आधीच सांगा, तो हक्क आहे. आमच्या लेकीनं भाग घेतला नाही, पण मैत्रिणींचे पांढरे झगे बघून आठवडाभर रुसली होती. शेवटी समारंभाला आम्ही तिघंही जाऊन बसलो, तेव्हा कळी खुलली.

आणि गावात कुणी वारलं तर भेटायला जा, ओळख नसली तरी. रांगेत उभं राहून घरच्यांचा हात हातात घ्यायचा, दोन शब्द बोलायचे, बस. शेजारच्या आजी वारल्या तेव्हा मी गेलो होतो. त्यानंतर त्यांचा मुलगा दर हिवाळ्यात आमच्या दारात पीटची (दलदलीतून काढून वाळवलेलं जळण) एक गोणी ठेवून जातो.

भाड्याची घरं फार कमी आहेत आणि बरीचशी इंटरनेटवर येतच नाहीत. तारीख ठरली की कळवा, मी दुकानात आणि चर्चच्या पत्रकात विचारून ठेवतो.