वयाच्या ३८व्या वर्षी, नोकरी सांभाळून दहावी कशी करावी?

ताई, एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून करा. बोर्डाचा १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा फॉर्मही आहे, पण नोकरी करणाऱ्याला मला एनआयओएस जास्त सोयीचं वाटतं. वयाला वरची मर्यादा नाही, मराठी माध्यम मिळतं, पाच विषय पुरतात आणि त्यात गणित सक्तीचं नाही. (पुढे आयटीआय किंवा पॉलिटेक्निक डोक्यात असेल तर मात्र गणित-विज्ञान सोडू नका.) पाच वर्षांत नऊ संधी असतात आणि एकदा पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. म्हणून पहिल्या खेपेला दोनच विषय द्या, मराठी आणि गृहविज्ञान.

अभ्यासात खरी अडचण वाचण्याची नसते, लिहिण्याची असते. इतक्या वर्षांत हाताची सवय मोडलेली असते. उत्तर येत असतं, पण दोन पानांतच बोटं भरून येतात आणि अक्षर ओळ सोडू लागतं. त्यामुळे रोज रात्री जेवणं आटोपली की जुन्या प्रश्नपत्रिकेतलं एक मोठं उत्तर घड्याळ लावून, पुस्तक मिटून लिहा. घरून लिहून द्यायच्या असाइनमेंटला २० टक्के वजन आहे, ती स्वतःच लिहा. निम्मी तयारी तिथेच होते. पास व्हायला ३३ टक्के लागतात. तुम्हाला नक्की जमेल. शाळा सोडल्याचा दाखला आजच शोधून ठेवा.