व्हिडिओला 22 हजार की 3 लाख?

प्रश्न : तासगावजवळ आमचा बेदाण्याचा व्यवसाय आहे. दोन शेड स्वतःच्या आहेत, धुणं, प्रतवारी, पॅकिंगही आमच्याकडेच होतं. पुण्या-मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्यांना आणि जमलं तर परदेशी खरेदीदारांना पाठवायला एक व्हिडिओ करून घ्यायचा आहे. तीन कोटेशन आली : 22 हजार, 85 हजार आणि 3 लाख 10 हजार. तिन्हींवर मजकूर जवळपास एकच, ‘तीन मिनिटांची कॉर्पोरेट फिल्म, फोर-के, ड्रोनसह’. मिस्टर म्हणतात, सगळ्यात स्वस्त घे. मुलगा म्हणतो, मोबाइलवर मीच काढतो. माझी लाखापर्यंत तयारी आहे. काय करू?
(एक वाचक, तासगाव)

उत्तर : ताई, कोटेशनच्या प्रती सोबत जोडल्यात हे फार बरं केलंत. नाहीतर लोक नुसता आकडा कळवतात आणि विचारतात, जास्त आहे का हो?

मी 19 वर्षं प्रॉडक्शनचा हिशेब सांभाळते, आधी मुंबईत मालिकांचा, आता पुण्यात जाहिराती आणि कंपन्यांच्या फिल्मचा. तुमचे तिन्ही कागद वाचताना मी पहिल्यांदा ‘फोर-के’ या शब्दावर काट मारली. तो आता मुलाच्या मोबाइलमध्येही असतो. मग प्रत्येक कागदावर दोनच गोष्टी शोधल्या : शूटचे दिवस किती आणि माणसं किती. पैसे तिथे जातात.

22 हजारवाला एकटा येणार. स्वतःचा कॅमेरा, एक दिवस, एडिटही तोच करणार. तो लबाड नाही, लग्नाच्या हंगामातून वेळ काढून येणारा कष्टाळू माणूस असावा. पण तुम्ही पॅकिंग मशीनशेजारी उभं राहून बोलणार आणि आवाज कॅमेऱ्याच्याच माइकवर घेतला जाणार. मशीन छान ऐकू येईल. 3 लाखवाले मुंबईहून 11 जण येणार. म्हणजे जायचा दिवस, यायचा दिवस, मुक्काम, जेवणं, गाड्या. त्यातले निम्मे पैसे रस्त्यावर आणि हॉटेलात जिरतात, पडद्यावर दिसत नाहीत. 85 हजारवाले सांगलीचेच आहेत, चार माणसं, साउंडवाला वेगळा. माझं मत त्यांना. मात्र त्यांच्या शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत ‘जीएसटी अतिरिक्त’ आहे. 18 टक्के धरले की 15,300 वाढतात आणि 1,00,300 होतात. तुमचा लाख तिथेच संपला. त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेला हा कर तुमच्या जीएसटीतून वजा करून, तुम्हाला मिळेल का, हे सीएंना आधी विचारा.

आता त्यांच्याशी बोलताना ड्रोन काढायला लावा. वरून तुमची शेड कशी दिसेल? हिरवी जाळी. शेजाऱ्याचीही तशीच दिसेल. बेदाणा आत आहे. शिवाय धंद्याच्या कामाला नेहमीचा ड्रोन उडवायचा तर तो नोंदलेला हवा आणि उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं सर्टिफिकेट हवं. ते कागद कुणी दाखवत नाही आणि आपण मागत नाही.

वाचलेले पैसे कुठे घालायचे? रंगात. शेडच्या हिरव्या जाळीतून येणारा उजेडही हिरवट असतो. डोळा तो सावरून घेतो, कॅमेरा घेत नाही. पिवळा बेदाणा आजारी दिसतो आणि हिरवा आहे त्याहून जास्त हिरवा. तुमचा व्यापारी तर रंगावरच भाव ठरवतो! एका मसालेवाल्यांच्या फिल्ममध्ये आमच्या एडिटरने हौसेने लाल रंग चढवला होता. गिऱ्हाईकाने फिल्म पाहून माल मागवला आणि ‘दाखवलं एक, पाठवलं एक’ म्हणून परत केला. तेव्हापासून मी वस्तूच्या शॉटच्या आधी एक पांढरा कागद कॅमेऱ्यासमोर धरायला लावतेच, म्हणजे पांढरा पांढराच दिसेल असा बाकीचा रंग त्यावरून जुळवता येतो. तुम्ही सकाळी साडेसात-आठला, शेडच्या बाहेर, सावलीत, पांढऱ्या ताटात मूठमूठ बेदाणा प्रतीनुसार मांडा. एवढ्यासाठी अर्धा तास राखून ठेवा. आणि एडिट बघायला जाताना पिशवीत तोच बेदाणा न्या, स्क्रीनशेजारी धरा.

त्यांच्या 85 हजारांची मी माझ्या पद्धतीने फोड केली. लेखन आणि आधी एकदा येऊन जागा बघणं 8 हजार. शूटचा दिवस, म्हणजे कॅमेरा, लाइट, चार माणसं, गाडी, जेवण मिळून 38 हजार. एडिट आणि रंग 18 हजार. मराठी, हिंदी आवाज आणि इंग्रजी सबटायटल 9 हजार. संगीताचा परवाना 3 हजार. राहिलेले 9 हजार हात न लावता बाजूला. पाऊस, बिघडलेलं मशीन, आजारी पडलेला साउंडवाला, यातलं काहीतरी येतंच.

ते रेकीचे म्हणजे जागा बघण्याचे पैसे वाचवू नका. मी नवीन असताना वाचवले होते. मुंबईहून आठ जणांचं युनिट घेऊन भोसरीच्या एका कारखान्यात पोहोचले. वार गुरुवार. भोसरीच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे मला गेटवर कळलं. आत एक वॉचमन आणि एक कुत्रं. तारीख मालकांनी फोनवर ‘हो हो, या’ म्हणून दिलेली. कॅमेऱ्याचं भाडं, लाइटदादांची शिफ्ट, स्पॉटदादांची शिफ्ट, सगळ्यांचं जेवण द्यावं लागलं आणि एक फ्रेम मिळाली नाही.

तुमच्या बाबतीत तारीख हीच मोठी बचत आहे. दोन शेड आहेत ना? मग मार्चमधला असा दिवस निवडा की एका शेडवर द्राक्षं डिपिंग करून, म्हणजे द्रावणात बुडवून, जाळीवर टाकायचं काम चालू असेल आणि दुसरीतून वाळलेला बेदाणा उतरत असेल. दुपारी पॅकिंग. एका दिवसाच्या पैशात सगळा प्रवास मिळेल. जूनमध्ये बोलावलंत तर रिकामे रॅक मिळतील. आणि खरेदीदाराला सूर्यास्तातली बाग नको असते हो. काड्या कशा काढता, धुता कुठे, कामगारांच्या डोक्यावर टोप्या, हातात मोजे आहेत का, माल कोल्ड स्टोरेजला किती लवकर जातो, हे तो बघतो. त्या दिवशी टोप्या नव्या आणि सगळ्यांना पुरतील एवढ्या आणा. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याचं चिन्ह फिल्ममध्ये वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंद हवी.

तीन मिनिटं कोण बघणार? व्यापारी व्हॉट्सॲपवर, दुकानात, आवाज बंद करून बघतो. दीड मिनिटाची एक आणि उभ्या फ्रेमच्या चार छोट्या, असं मागा. उभ्या हव्यात हे शूटच्या आधी सांगा. नंतर आडव्यातून कापून काढल्या की माणसांचे कान जातात.

ॲडव्हान्स देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या. चेंजेस किती वेळा मोफत : दोनदा पुरे, पण घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून एकदाच सांगायचं. नाहीतर पहिला कट मिस्टर बघतात, दुसरा दीर, तिसरा चुलतसासरे आणि प्रत्येकाला वेगळा फोटो घालायचा असतो. दुसरं, शूट केलेलं सगळं फुटेज तुमच्या हार्ड डिस्कवर. पैसे देऊन करून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे करून घेणाराच असतो, पण उलट करार नसेल तरच. त्यांच्या अटी वाचून सही करा. तिसरं, गाजलेलं सिनेमातलं गाणं खाली लावून देतो म्हणाले तर नको म्हणा. धंद्याच्या जाहिरातीला त्याचा परवाना लागतो आणि नोटीस तुमच्या नावावर येते.

मुलाला मात्र नाराज करू नका, त्याच्यासाठी खरंच काम आहे. शेडमध्ये एका रॅकसमोर वीट ठेवून जागा पक्की करायला सांगा. रोज सकाळी त्याच वेळी, त्याच विटेवरून, त्याच घडाचा एक फोटो, मोबाइल आडवा धरून. बेदाणा तयार व्हायला पंधराएक दिवस लागतात. द्राक्ष आकसत जातानाचे ते पंधरा फोटो एकामागोमाग लावले की तीन सेकंद होतात, आणि त्यासाठी रोज तासगावला युनिट पाठवायचं म्हटलं तर 3 लाखवालेही परवडणार नाहीत म्हणतील. कॅमेऱ्याची काच पुसून घ्यायला सांगा त्याला.