बेलफास्टमध्ये कॅथलिक-प्रोटेस्टंट जोडपी भेटतात तरी कुठे?

उत्तर आयर्लंडच्या या राजधानीत दोन्ही समाजांच्या वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, काही वस्त्यांच्या मध्ये तर खऱ्याखुऱ्या भिंती. मग ओळख होणार कुठे, असं विचारलंय. बहुतेकदा शाळा सुटल्यावरच. उत्तर आयर्लंडमध्ये आजही बहुतांश मुलं आपापल्या समाजाच्या शाळेत जातात. दोन्हीकडच्या मुलांना एकत्र शिकवायचं म्हणून काढलेली पहिली शाळा, लगन कॉलेज, सुरू झाली तीच मुळी १९८१ मध्ये. त्यामुळे क्वीन्स युनिव्हर्सिटी, ऑफिस किंवा शहराच्या मध्यावरचा पब इथेच ‘त्यांच्यातलं’ कुणीतरी पहिल्यांदा शेजारी येऊन बसतं. ऑफिसचा वाटा मला मोठा वाटतो: नोकरीत धर्मावरून भेदभाव होऊ नये म्हणून आलेल्या १९८९ च्या कायद्याने कर्मचाऱ्यांत कुठल्या समाजाचे किती, याची नोंद ठेवणं मालकांना भाग पडलं, म्हणजे एकाच समाजाची माणसं भरणं अवघड झालं.

धर्म थेट कुणी विचारत नाही. आपल्याकडे ‘आडनाव काय?’ विचारून अंदाज घेतात ना, तसं तिथे ‘कुठल्या शाळेत होतास?’ गंमत म्हणजे इंग्रजी एच हे अक्षरही चुगली करतं. कॅथलिक बहुधा ‘हेच’ म्हणतात, प्रोटेस्टंट ‘एच’.

खरी अडचण पुढे, घरी सांगताना. अशा जोडप्यांनी आधारासाठी १९७४ मध्येच, दोन्ही समाजांमधला हिंसाचार चालू असताना, स्वतःची संघटना काढली. ती अजूनही आहे.