कॉलम लावायच्या आधी

प्रश्न : मी नांदेडजवळच्या महाविद्यालयात चाल्कोन या सेंद्रिय संयुगांवर पीएच.डी. करतोय. प्रत्येक संयुग शुद्ध करायला कॉलम लावतो, म्हणजे सिलिका भरलेल्या काचेच्या नळीतून सॉल्व्हंट (द्रावक) सोडून ते मळापासून वेगळं करतो. एकेका कॉलमला दोन-अडीच लिटर हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेट जातं, टेबलाखाली बाटल्या साचल्यात. महागडी यंत्रं आम्हाला परवडत नाहीत. हे कमी कसं करावं? – एक संशोधक विद्यार्थी

उत्तर : आधी मला सांगा, चाल्कोनला दर वेळी कॉलम कशाला? तुमची बहुतेक संयुगं घन असणार. कच्चा माल गरम इथेनॉलमध्ये जेमतेम विरघळेल इतकंच इथेनॉल घ्या, गरम असतानाच गाळा आणि फ्लास्क झाकून ठेवून द्या. लगेच बर्फात घालू नका. घाईने थंड केलं की स्फटिकांबरोबर मळही बसतो. सावकाश निवलं की पिवळ्या सुया उतरतात. नाहीच उतरल्या तर काचेच्या कांडीने आतून घासा. टीएलसीवर (सिलिकाच्या पातळ थरावरच्या तपासणीत) एकच ठिपका आला आणि वितळणं सुरू झाल्यापासून एक-दोन अंशांत आटोपलं, तर कॉलमची गरज नाही.

कॉलम लागलाच तर हेक्झेनऐवजी हेप्टेन वापरून बघा. हेक्झेनपासून शरीरात २,५-हेक्झेनडायोन तयार होतं आणि ते हातापायांच्या नसा निकामी करतं. हेप्टेन महाग आहे आणि ९८ अंशांना उकळतं, त्यामुळे रोटाव्हॅपवर (सॉल्व्हंट उडवून परत गोळा करणाऱ्या यंत्रावर) वेळ जास्त जातो. तरी माझ्या विद्यार्थ्याच्या हातांपुढे मी ते महाग मानत नाही. डायक्लोरोमिथेन हा कॉलमला वापरतात तो आणखी एक सॉल्व्हंट तर ४० अंशांनाच उकळतो. मे महिन्यात आपल्याकडे कॉलममध्ये बुडबुडे येऊन सिलिका फाटते ती त्यामुळेच. त्याच्या जागी इथाइल ॲसिटेटमध्ये थोडं इथेनॉल घालून आधी टीएलसीवर जमवा. डायक्लोरोमिथेनसारखा क्लोरीन असलेला टाकाऊ सॉल्व्हंट वेगळ्या बाटलीत साठवा आणि कुठलाच बेसिनमध्ये ओतू नका. रोटाव्हॅपवर परत मिळालेलं मिश्रण पुढच्या कॉलमची सिलिका भरायला चालतं.

तुम्ही पाण्याचं विचारलं नाहीत, पण मला राहवत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मी लातुरात शिकवत होते. मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, घरी भांडी विसळलेलं पाणी आम्ही संडासात वापरायचो, आणि प्रयोगशाळेत वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरमधून बोअरचं पाणी सरळ बेसिनमध्ये जायचं. एकदा नळीखाली पंधरा लिटरची बादली धरली. पंधरा मिनिटांत भरली. म्हणजे आठ तासांच्या रिफ्लक्सला (मिश्रण उकळत ठेवायला) ४८० लिटर! दुसऱ्या दिवशी घरच्या जुन्या कूलरचा पंप नेला, टपात सोडला, आणि कंडेन्सरमधून बाहेर येणारी नळीही त्याच टपात टाकली. एक टप पाणी दिवसभर फिरत राहिलं. दुपारी टप तापला की बर्फ झालेल्या पाण्याच्या दोन बाटल्या त्यात सोडायच्या. पंपाची वायर तेवढी धड असू द्या, टप सॉल्व्हंटपासून लांब ठेवा आणि नळ्यांची तोंडं तारेने घट्ट बांधा. आमची एक नळी रात्रीतून निसटली होती.